शॅडो ऑफ द कोलोसस, पीसीएसएक्स-टू आणि माझा रडका लॅपटॉप

आमच्या मामेभावाने न्यू जर्सीहून येताना दादासाठी शॅडो ऑफ द कोलोसस या प्लेस्टेशन टू (पीएसटू) गेमची ओरिजिनल डिस्क आणली होती आणि ती आमच्या पीएसटूवर एकदाही चालली नाही. कारण अगदी साधं, डिस्क अमेरिकन म्हणजे एनटीएससी या टीव्ही पद्धतीची, घरचा पीएसटू पॅल या दुसऱ्या पद्धतीचा, त्यामुळे रीजन लॉक, म्हणजे एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या मशीनवर चालत नाही. डिस्क आत टाकली की लाल स्क्रीन यायची आणि मशीन सांगायचं की प्लेस्टेशनची डिस्क टाका. अरे बाबा प्लेस्टेशनचीच आहे की! दादाने हा लॉक टाळणारी चिप बसवून घ्यायचं टुमणं लावलेलं, पण बाबांचं एकच, उघडलं की वॉरंटी गेली. मग ती डिस्क सांगलीच्या घरी कपाटात देसी अड्डा या दुसऱ्या गेमच्या डिस्कखाली पडून राहिली ती राहिलीच.

यंदा घर आवरताना ती सापडली आणि मी म्हटलं आता हिला चालवायचीच, पुण्याला लॅपटॉपवर घेऊन जाते. एमुलेटरला (कॉम्प्युटरवर पीएसटूची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) रीजनबिजन काही नसतं, फास्ट बूट (थेट गेम सुरू करायचा पर्याय) चालू ठेवलं की ती तपासणीच टळते. दादा म्हणाला, "अगं तुझ्या त्या ऑफिसच्या जुन्या डबड्यावर कसली चालतीय." तर हे डबडं म्हणजे आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, तो यू वाला १५ वॅटचा, ८ जीबी रॅम, आणि एमएक्स१५० ग्राफिक्स २ जीबीचं. गेमिंग लॅपटॉप नाही, पण अगदीच टाकाऊपण नाही.

एमुलेटर म्हणजे पीसीएसएक्स-टू. हा प्रोजेक्ट २००१ च्या आसपासपासून चालू आहे, पीएसटू बाजारात आला २००० मध्ये, म्हणजे जवळजवळ तेवढाच जुना. मी कॉलेजात असताना याचं १.४ व्हर्जन बघितलेलं, तेव्हा ग्राफिक्सचं प्लगिन वेगळं, साउंडचं वेगळं, कंट्रोलरचं वेगळं, आणि प्रत्येकात शंभर बटणं. जुलै २०२४ मध्ये २.० आलं त्यात प्लगिनची भानगडच नाही, सगळं एकत्र, आणि प्रत्येक गेमला लागणाऱ्या दुरुस्त्या डेटाबेसमधून आपोआप लागतात. त्यामुळे पहिली गोष्ट सांगते, यूट्यूबवरचे जुने "बेस्ट सेटिंग्ज" वाले व्हिडिओ बघू नका. त्यातले निम्मे पर्याय आता आहेतच कुठे, आणि जे आहेत ते नको तिथे फिरवले की नीट चालणारा गेम बिघडतो.

बायोस, म्हणजे पीएसटूच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, मात्र स्वतःची लागते, ती एमुलेटरबरोबर येत नाही कारण ती सोनीची आहे. नेटवर ढिगाने पडलेल्या असतात हे मलाही माहिती आहे, पण घरात पीएसटू असताना ते कशाला. आमचं मशीन स्लिम, खाली स्टिकरवर ९०००० सिरीज लिहिलेलं. बायोस काढायला पीएसटूवर आपला प्रोग्राम चालवावा लागतो, आणि इथे एक मेख आहे. मेमरी कार्डवरून चालणारं जे फ्री एमसीबूट आहे ते या सिरीजच्या शेवटच्या शेवटच्या मशीनवर चालत नाही, सोनीने ती वाट बंद केली. पण २०२० मध्ये फ्रीडीव्हीडीबूट आलं, त्याची युक्ती भारी आहे, पीएसटूमधल्या डीव्हीडी प्लेअरलाच गंडवायचं. म्हणजे एक डीव्हीडी बर्न करायची, मशीनला वाटतं पिक्चरची डीव्हीडी आहे, ती वाजवायला जातं आणि आपला प्रोग्राम सुरू होतो. ना चिप, ना काही उघडायचं, बाबांची वॉरंटी शाबूत (जी कधीच संपली म्हणा).

आता कोरी डीव्हीडी-आर आणायची कुठून! एक्सटर्नल डीव्हीडी ड्राइव्ह ऑफिसातल्या एकाकडून मिळाला, पण डिस्क कोणाकडेच नाही. शेवटी सांगलीत एसटी स्टँडच्या मागे एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या काकांनी वरच्या फळीवरून धुळीने माखलेलं मोझर बेअरचं खोकं काढलं आणि म्हणाले, "घ्या ताई, आता कोण विचारतंय याला." कमी स्पीडला बर्न करायची, फायनलाइझ करायची, आणि पीएसटूची भाषा इंग्लिश ठेवायची, सगळ्या स्लिम मॉडेलसाठी जी एक इमेज (डिस्कवर उतरवायची फाइल) मिळते ती इंग्लिशचीच आहे. मशीनने डिस्क वाचली, कुरकुर केली, आणि काळ्या स्क्रीनवर फाइल मॅनेजर आला. त्यातून बायोसड्रेन नावाचा छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवला की बायोस पेनड्राइव्हवर उतरते. मुख्य फाइल ४ एमबीची फक्त. पेनड्राइव्ह फॅट३२ लागतो हे लक्षात ठेवा, आणि पीएसटूचं यूएसबी १.१ आहे त्यामुळे घाई करू नका. कोणी म्हणेल मग गेमसुद्धा पेनड्राइव्हवरून खऱ्या पीएसटूवरच का नाही खेळत, तर तेही होतं, पण याच यूएसबीमुळे बऱ्याच गेममध्ये व्हिडिओ अडकत अडकत चालतात. वर आमच्या मशीनची लेन्सपण आता म्हातारी झाली आहे.

गेमची डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये टाकून इमेज काढणं हे सगळ्यात सोपं, पीएसटूच्या डीव्हीडी साध्या ड्राइव्हमध्ये वाचता येतात, इमगबर्न या प्रोग्रामने आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) काढली. (निळ्या रंगाच्या सीडीवाले गेम असतील तर बिन आणि क्यू करावं लागतं.) नंतर ती आयएसओ सीएचडी या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये करून घेतली, जागा वाचते आणि स्पीडला काही फरक पडत नाही.

मग सुरू केलं. तो लांबलचक सुरुवातीचा सीन, घोडा, पूल, ते मोठं देऊळ, आणि सगळं कसं चाललेलं म्हणाल तर आवाज फाटतोय, चित्र हळू, घोडा पाण्यात चालल्यासारखा चाललाय. दादाला व्हिडिओ पाठवला तर त्याचा नुसता हसण्याचा इमोजी.

इथे एक काम सगळ्यात आधी करायचं, ते म्हणजे ओएसडी चालू करायचं, एमुलेटरच्या सेटिंगमध्येच असतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे येतात. स्पीड किती टक्के, व्हीपीएस किती, एफपीएस किती, आणि खाली ईई, जीएस, व्हीयू (हे पीएसटूच्या आतले भाग, पुढे सांगते) आणि जीपीयू (आपलं ग्राफिक्स) या प्रत्येकावर किती लोड आहे ते. हे आकडे न बघता सेटिंग फिरवणं म्हणजे अंधारात चाचपडणं. माझ्या इथे स्पीड ७० च्या आसपास, ईई शंभराला टेकलेलं, आणि जीपीयूपण ९५ च्या वर. जीपीयू का एवढं? गेम तर मूळ रिझोल्यूशनलाच चालू होता. मग बघितलं तर विंडोजने एमुलेटरला इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर टाकलेलं आणि एमएक्स१५० मजेत झोपलेलं. विंडोजच्या डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पीसीएसएक्स-टूला हाय परफॉर्मन्स दिलं, एमुलेटरमध्ये अडॅप्टरच्या यादीतूनही तेच निवडलं, जीपीयूचा लोड एकदम खाली आला. पण स्पीड? ७४. कारण खरा दम ईईला लागलेला.

हे जरा समजून घ्यावं लागतं, मला यात मजा आली म्हणून लांबण लावतेय. पीएसटूचा मुख्य प्रोसेसर म्हणजे इमोशन इंजिन, तेच ईई, फक्त २९५ मेगाहर्ट्झचा. रॅम ३२ एमबी. मग आपल्या ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला घाम का फुटतो? कारण तो एकटा नाहीये. त्याच्याबरोबर दोन व्हेक्टर युनिट (व्हीयू) आहेत, एक ग्राफिक्स सिंथेसायझर (जीएस) आहे ज्याच्या पोटात फक्त ४ एमबी मेमरी पण तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी, शिवाय जुन्या प्लेस्टेशन वनचाच प्रोसेसर इनपुट-आउटपुट सांभाळायला ठेवलाय, आणि साउंडची चिप वेगळी. हे सगळे एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर चालतात आणि गेम बनवणाऱ्यांनी त्या तालावरच कोड लिहिलेला असतो. एमुलेटरला दर क्षणाला हे सगळे बरोबर एका रेषेत ठेवावे लागतात, त्यामुळे कामाचे बारा तुकडे करून बारा कोअरवर वाटता येत नाही. पंगतीत भातवाला मागे राहिला की वरणवाला कितीही चपळ असून उपयोग काय, तसं आहे. एका व्हेक्टर युनिटला वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे दुसऱ्या कोअरवर, टाकता येतं, त्याला एमटीव्हीयू म्हणतात, आणि ते चालूच ठेवायचं. बाकी सगळा भार एकेका कोअरच्या वेगावर. त्यात पीएसटूचं दशांशाचं गणितही आपल्या प्रोसेसरसारखं नाही, त्याला इन्फिनिटी वगैरे माहितीच नाही, म्हणून तिथे उत्तरं जुळवून घ्यायला अजून काम.

म्हणजे मला हवा होता एका कोअरचा वेग. टास्क मॅनेजर उघडून बाजूला ठेवला तर दिसलं की गेम सुरू होताना प्रोसेसर ३.३-३.४ ला असतो आणि थोड्या वेळात २ च्याही खाली घसरतो. एप्रिल महिना, दुपार, खोलीत पंखा, लॅपटॉप गादीवर. तापला की स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो, करणारच. लोक अशा वेळी एक उपाय सांगतात की पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, लॅपटॉप गार राहतो. राहतो ना, कारण त्याने टर्बोच (गरजेला वेग वाढवायची सोय) बंद होतो! या प्रोसेसरचा बेस, म्हणजे टर्बोशिवायचा वेग, आहे १.६. एमुलेटरसाठी हा सल्ला म्हणजे पायावर धोंडा.

मी लॅपटॉप घेऊन गेले अप्पा बळवंत चौकाजवळ एका रिपेअरवाल्याकडे. पोराने मागचं झाकण उघडलं आणि फॅनच्या जाळीतून धुळीची अख्खी पट्टी चिमट्याने ओढून काढली, रजईच्या अस्तरासारखी, मला दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, हवा जाणार कुठून याच्यातून?" थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. ती खरवडली, नवी लावली, सातशे रुपये घेतले. घरी येऊन लॅपटॉप टेबलावर, मागे दोन जुनी पुस्तकं लावून उंच केला, चार्जर लावलेला, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर. (बॅटरीवर असताना एमुलेटर चालवून "लॅग होतोय" म्हणणारे लोक मी बघितलेत.) प्रोसेसर आता ३ च्या आसपास टिकायला लागला आणि स्पीड शंभर टक्के. आवाज स्वच्छ. सेटिंगमधली एक गोष्ट न बदलता जेवढा फरक या साफसफाईने पडला तेवढा नंतर कशानेच पडला नाही.

आणि तरीही गेम झटके देत होता!

खरं तर हे लिहायला बसले ते याच्यासाठीच. स्पीड १००, व्हीपीएस ६०, आवाज छान, ईई ७० टक्क्यांवर निवांत, आणि पहिला कोलोसस (गेममधले अवाढव्य प्राणी ते हे) समोर आला, तो केसाळ पाय आपटत चालायला लागला की चित्र अडखळतंय. मी परत ड्रायव्हर बघ, व्हीसिंक बघ, डायरेक्टएक्स काढून वल्कन लाव, सगळं केलं. मग नजर गेली एफपीएसच्या आकड्यावर. १७. वर स्पीड १०० आणि खाली एफपीएस १७.

तर यातला फरक असा. व्हीपीएस म्हणजे पीएसटू टीव्हीला सेकंदाला किती वेळा चित्र पाठवतो, एनटीएससीमध्ये ५९.९४ म्हणजे ६० धरा. आणि एफपीएस म्हणजे त्यातली नवीन चित्रं किती, गेमने खरोखर किती काढली. एमुलेटर त्याचं काम चोख करत होता, अस्सल पीएसटू अगदी हुबेहूब चालवत होता, आणि अस्सल पीएसटूवर हा गेम असाच अडखळत चालायचा! २००५ चा गेम, त्या मशीनच्या मानाने फार मोठं स्वप्न बघितलेला. एवढे अवाढव्य प्राणी, अंगावर केस, प्रत्येक केसाळ भागाला लटकता येतं, उन्हाची ती झगझग, आणि मैलोन्‌मैल मोकळं रान मध्ये लोडिंग न येता. ३० चं गणित होतं पण मोठा कोलोसस आला की वीसच्याही खाली. तेव्हा ज्यांनी खेळलाय ते सांगतात की असंच होतं आणि आम्हाला काही वाटायचं नाही. आता डोळे बिघडलेत आपले.

म्हणजे "स्मूथ चालत नाही" ही तक्रार एकच वाटते पण रोग दोन आहेत आणि औषधं अगदी उलटी. स्पीड शंभराच्या खाली असेल तर तुमचा कॉम्प्युटर कमी पडतोय. स्पीड शंभर आणि एफपीएस कमी असेल तर बिचारा पीएसटू कमी पडतोय. पहिल्यात एमुलेटरचं काम हलकं करायचं, दुसऱ्यात वाढवायचं.

दुसऱ्याचं औषध म्हणजे ईई सायकल रेट. ५० टक्क्यांपासून ३०० पर्यंत मिळतं, साधं १०० असतं. १३० किंवा १८० केलं की एमुलेटर आतल्या इमोशन इंजिनला जास्त वेगवान करून चालवतो, म्हणजे बघा, जो पीएसटू सोनीने कधी बनवलाच नाही तो आपल्याला मिळतो. गेमला तेवढ्याच वेळात जास्त काम उरकता येतं, नवीन चित्रं जास्त निघतात. मी १८० केलं आणि तोच कोलोसस, तोच पाय, एफपीएस २७-२८-३०. वेगळाच गेम! त्याच्या पिंढरीला लटकले (आर-वन दाबून धरायचं, सोडलं की खाली), तो पाय झटकतोय, वांडर (गेममधला आपला हिरो) नुसता फडफडतोय आणि ती फडफड पहिल्यांदा नीट दिसली.

पण फुकट काहीच नाही, ईईचा लोड ७० वरून ९० च्या पुढे. ३०० करून बघितलं तर एफपीएस राहिलं बाजूला, स्पीडच ७० वर आला, म्हणजे दुसरा रोग बरा करताना पहिला परत. माझ्या मशीनचा काटा १८० वर बसला. डेस्कटॉपवाल्यांना ३०० सहज झेपेल. ६० एफपीएसचा लोकांनी बनवलेला पॅचपण आहे, तो माझ्याकडे झेपला नाही, आणि खरं सांगू, मला तो चालला असता तरी ३० चाच ठेवला असता, तो घोडा जरा जडच बरा वाटतो.

याच्या बाजूलाच ईई सायकल स्किप नावाचं बटण आहे आणि तेच सगळ्या व्हिडिओत "लॅग फिक्स" म्हणून सांगतात. ते बरोबर उलटं करतं, आतल्या प्रोसेसरला उपाशी ठेवतं. स्पीडचा आकडा लगेच शंभर होतो, बघणारा खूश, आणि बहुतेक गेम आतून आणखीच अडखळतात. मोजक्या गेमना त्याचा उपयोगही होतो.

हे बदल सगळ्यांना लावू नका हं, गेमच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये त्या एकाच गेमला लावायचे. वेग वाढवलेला काही गेमना सोसत नाही, मग व्हिडिओ आणि आवाजाचा मेळ तुटतो.

रिझोल्यूशनचं झटपट सांगते. ते जीपीयूवर पडतं, ईईवर नाही, त्यामुळे जीपीयू मोकळं असेल तर खुशाल वाढवा. दुप्पट केलं तर साधारण ७२० सारखं दिसतं, तिप्पट म्हणजे १०८०. मी दुप्पटवर आहे, तिप्पटला उन्हाचे सीन आले की एमएक्स१५० हात टेकतं. ब्लेंडिंग अ‍ॅक्युरसी (पारदर्शक रंग मिसळण्याची अचूकता) बेसिकच्या पुढे नेली की तेच. आणि पहिल्यांदा एखादा इफेक्ट आला की क्षणभर हिसका बसतो तो शेडर (ग्राफिक्सचा छोटा प्रोग्राम) तयार होण्याचा, तो डिस्कवर साठवला जातो, पुढच्या वेळी येत नाही, त्याच्यासाठी काही करू नका.

दादा मे महिन्यात आला आणि चार तास उठलाच नाही. आईने जेवायला हाका मारल्या तर म्हणतो, "थांब गं, याच्या डोक्यावर चढलोय." मग त्याला देसी अड्डा आठवला, २००९ चा, हैदराबादच्या कंपनीचा, कबड्डी आणि विटीदांडूवाला. म्हटलं हा काय, हा तर पाणी पिता पिता चालेल, आणि ईईला काहीच वाटलं नाही, पण दर थोड्या वेळाने एक बारीक अडखळ. स्पीड १००, एफपीएसपण भरपूर. हा तर तिसराच रोग निघाला. डिस्क पॅल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, आणि लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झची, दर पाचवं चित्र दोनदा दिसतं. ग्राफिक्स ड्रायव्हरमधून स्क्रीनला ५० हर्ट्झ द्यायचा प्रयत्न केला, या स्क्रीनने घेतला नाही. टीव्हीला एचडीएमआय जोडल्यावर मात्र टीव्हीने ५० आनंदाने घेतलं आणि अडखळ गेली. कबड्डीत दादाने मला हरवलं, ते वेगळं.